चुलीवरचे नळे

मला अजून स्वप्नं पडतात ती उघड्या घरांची. छप्पर काढलेलं घर, आत माणसं आपापल्या जागी. कोणी भाजी चिरते आहे, कोणी आडवं झालं आहे, आणि वर सगळं आभाळ. त्यांच्यातलं कोणी वर बघत नाही. मी आढ्यावर बसलेली असते, हातात एक नळा असतो, आणि तो कुठे बसवायचा ते काही केल्या आठवत नाही. सुनेला सांगितलं तर ती म्हणते, रात्री उशिरा जेवू नका. तिचं बरोबर असेल.

नळे म्हणजे कौलं. आमच्याकडे नळे म्हणतात. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत मी जन्मभर लोकांच्या घरांचे नळे उतरवले, घासले आणि परत बसवले. पावसाच्या आधी करायचं हे काम, शाकारणी. या अंकासाठी लिहा म्हणून जे आले, त्यांना किती घरं केली, पहिलं कुठलं, नवरा कधी गेला, असं सगळं हवं होतं. घरं मी मोजलेली नाहीत. नवरा गेला तेव्हा त्याची टोळी माझ्याकडे आली आणि मी ती चालवली, एवढं त्या बाबतीत पुरे. बाई छपरावर चढते म्हणून लोक पहिल्यांदा रस्त्यात थांबून बघत. मग त्यांचे नळे गळायला लागले, आणि तेच बोलवायला आले.

मला लिहावंसं वाटतं ते एवढंच, की काम हातात घेतल्यावर ते कुठल्या रीतीने करायचं हे कसं ठरवतात. दिगंबर म्हणून एक मुलगा आहे, डिचोलीला कारखान्यात कामाचं नियोजन बघतो. त्याची गोष्ट पुढे येईलच. तो म्हणाला, मावशी, आमच्याकडे यावर वर्ग घेतात, कुठल्या प्रोजेक्टला कुठली पद्धत लावायची. बाहेरून माणूस येतो, पडद्यावर चित्रं दाखवतो. मी विचारलं, चहा देतात का. म्हणाला, बिस्किटांसकट. मग चांगलं आहे, म्हटलं.

मी चौथीपर्यंत शिकले. आमचा वर्ग म्हणजे अंगणात उभं राहून वर बघणं. शाकारणी करायच्या रीती मोजक्याच आहेत. घर रिकामं असेल तर सगळं छप्पर एकदम उघडायचं. सगळे वासे, सगळ्या रिपा डोळ्यांसमोर येतात, कुठे वाळवी आहे, कुठे लाकूड वाकलं आहे, एका नजरेत कळतं, आणि काम झपाट्याने होतं. पण आभाळावर विश्वास पाहिजे. घरात माणसं राहत असतील तर पट्टी-पट्टीने जायचं. सकाळी एक पट्टी उघडायची, संध्याकाळच्या आत बंद करायची. हे हळू चालतं, पण पहिल्या पट्टीतच घराचा स्वभाव कळतो आणि पुढची पट्टी शहाणपणाने होते. आणि घराची एक बाजू पूर्ण उघडून माणसांना दुसऱ्या बाजूला सरकवायचं, ही मधली रीत. भाऊ-भाऊ भांडलेले असतील तर ही रीत वापरू नये. एक बाजू दुसऱ्या बाजूला सरकू देत नाही.

माणसं मला विचारत, तुमची पद्धत कुठली. माझी कुठलीच नाही. घराची असते.

तेरेखोलला एक घर केलं होतं. नदीपलीकडचं गाव, नळे फेरीबोटीतून न्यायचे. बोट किती नळे घेईल हे त्या दिवशीच्या गर्दीवर, आणि फेरीवाल्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही यावर. तिथे मी आधी काही ठरवलंच नाही. बोटीतून जेवढे नळे उतरले तेवढंच छप्पर उघडायचं, त्याच्याबाहेर एक रीपही नाही. सकाळी नदीवर धुकं असायचं. तांबड्या नळ्यांची थप्पी धुक्यातून येताना दिसायची, बोट दिसायची नाही. वाटायचं, नळे पाण्यावर बसून आपले आपण येताहेत. मी धक्क्यावर उभी राहून बघत राहायची. कामाच्या वेळी उभं राहून बघायची मला सवय नाही, पण तिथे दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

शिरगावच्या घराला लईराईच्या जत्रेची मुदत होती. जत्रा कोणासाठी पुढे जात नाही. तिथे पहिल्या दिवशीच सगळं ठरवून टाकलं, कोण काय करणार आणि कशानंतर काय. ते नळे हाताला जड लागायचे. खाणी जोरात होत्या तेव्हाची लाल धूळ त्यांच्यावर बसून दगड झाली होती. धुताना आमच्या पायांखालून लाल ओढा वाहायचा, आणि संध्याकाळी आम्ही सगळे एकाच रंगाचे दिसायचो.

हरमलला खोल्या भाड्याने देणारा एक मालक होता. पाहुणे झोपलेले असतात म्हणून दुपारपर्यंत आवाज करायचा नाही, ही त्याची अट. नळे काढायचे आणि आवाज करायचा नाही. आम्ही उघडी ठेवलेली एक खोली रिकामी आहे असं तो म्हणाला होता. ती रिकामी नव्हती. आत एक गोरी बाई झोपली होती. ती उठली, वर आभाळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, हात हलवला आणि परत झोपली. पुढच्या मोसमात तिने तीच खोली मागितली, छप्पर नसलेली. मालक अजून मला म्हणतो, शेवंतीबाय, एक खोली तशीच ठेवली असती तर बरं झालं असतं.

आता दिगंबरच्या घराची गोष्ट.

घर हरमलच्या अलीकडे, एका वाडीत, माडांच्या मधोमध. दिगंबर बायकोबरोबर डिचोलीला फ्लॅटमध्ये राहतो. गावच्या घरात त्याचे आई-वडील. वडील पुंडलिक हे माडावर चढून सुर, म्हणजे माडी, काढणारे, आम्ही त्यांना रेंदेर म्हणतो. जन्म माडाच्या शेंड्यावर गेलेला माणूस. म्हातारपणी एक दिवस माडावरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून मधल्या खोलीत खाटेवर होते. त्यांची बायको, रुक्मीणवैनी, त्यांचं सगळं करायची.

दिगंबर माझ्याकडे मोबाइलवर आखलेलं काम घेऊन आला. रंगीत पट्ट्या होत्या, एकाखाली एक. इंग्रजी मला येत नाही, पण पट्ट्या कळल्या. निळी संपते तिथे हिरवी सुरू, म्हणजे स्वयंपाकघर झालं की पडवी. त्याने विचार केला होता, हे मी तोंडावर सांगितलं. बहुतेक मालक नळे कोणत्या बाजूने उतरतात हेसुद्धा बघत नाहीत. तो म्हणाला, घर पुढे बंदच राहायचं आहे, त्या हिशोबाने करा.

बंद राहायच्या घराची शाकारणी वेगळी असते. राहत्या घराचे नळे आपण सैल ठेवतो. गळलं तर आतून काठीने ढकलून सरळ करता येतात. बंद घरात ढकलायला कोणी नसतं. तिथे कडेचे नळे सिमेंटने बसवतात, माकडं आणि उंदीर शिरू नयेत म्हणून खालून जाळी मारतात. चुलीवर धुरासाठी ज्या फटी ठेवतात त्या बुजवून टाकतात. मी म्हटलं, मग घर रिकामं करून द्या, एकदम उघडते, लवकर होईल. तो म्हणाला, काम होईपर्यंत आई-बाबा तिथेच आहेत, तेव्हा पट्टी-पट्टीने करा. बाबांची खोली सगळ्यात शेवटी, त्या एका दिवशी त्यांना शेजाऱ्यांकडे हलवू. ठीक आहे म्हटलं. राहत्या घराची रीत होती.

काम सुरू करायच्या आधी मी घर आतून बघते. मधल्या खोलीत गेले. काळोख होता, भिंतीतलं एक लहान जनेल, खिडकी, तेवढं उघडं. पुंडलिक भिंतीकडे तोंड करून पडलेला. आम्ही एकमेकांना लहानपणापासून ओळखतो, तरी त्याने मान वळवली नाही. वैनी म्हणाली, तो असाच असतो, बोलत नाही, जेवतो ते माझ्या समाधानासाठी. मी त्याला सांगितलं की शेवटच्या दिवशी तुला शेजारी नेणार, खोली उघडायची आहे.

भिंतीलाच तो म्हणाला, "मी हयसून हलूचंय नाय."

मी बाहेर आले आणि अंगणात उभी राहून वर बघितलं. माणूस हलत नाही म्हटल्यावर दिगंबरची शेवटची पट्टी मोडली होती. शेवटी मोडण्यापेक्षा आधी मोडलेली बरी. मी दिगंबरला फोन करून सांगितलं, बाबांच्या खोलीपासून सुरुवात करते, अर्धी उघडते, खाट दुसऱ्या अर्ध्यात सरकवते. कुठलं लाकूड कसं आहे ते तिथेच कळेल, कारण ती खोली घराच्या मधोमध आहे. तो मग म्हणाला, मावशी, चालेल, मी पट्ट्या बदलतो. त्याला बदलता येत होत्या, हे मला आवडलं. काही लोकांना आखलेलं काम देवासारखं असतं.

माझ्या टोळीत यल्लाप्पा आहे, बेळगावकडचा. इतकी वर्षं इथे आहे, पण बोलणं तिथलंच. आता वर तोच चढतो, मी खालून सांगते. त्याने पुंडलिकच्या खोलीचे आढ्यावरचे नळे काढले, आणि मग खाली खाली येत एकेक ओळ उतरवली. उजेड खोलीत जमिनीवरून सरकत आला, आधी कोपऱ्यातल्या पेटीवर, मग खाटेच्या पायावर. किती वर्षांची धूळ होती, ती वर उठून उन्हात तशीच थांबली. पुंडलिकने भिंतीकडचं तोंड वर फिरवलं.

वर निळं आभाळ आणि त्यात माडांचे शेंडे, हलत होते. तो ज्या माडावरून पडला तोही त्यातच होता. मला वाटलं, आता हा डोळे मिटणार. त्याने मिटले नाहीत. उजेडाने पाणी आलं तरी पुसलं नाही, बघत राहिला. मग खाट आम्ही उघड्या अर्ध्याखालीच आणली.

ते दिवस सावरीच्या कापसाचे होते. घरामागे सावरीचं झाड, त्याच्या बोंडांतून कापूस सुटायचा आणि वाऱ्याबरोबर छपरातून आत यायचा. पांढरा, हलका, पडायची घाई नसलेला. खाटेवर, त्याच्या छातीवर, वैनीच्या केसांत. काजूच्या बागांतून वास यायचा. वर घार फिरायची आणि तिची सावली जमिनीवरून, खाटेवरून, परत जमिनीवरून जायची. घरात बसल्या जागी घारीची सावली अंगावरून जाते हे मी तेव्हाच बघितलं. मी खाली नळे बोटाच्या गाठीने वाजवून निवडत बसायची. चांगला नळा खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. तो आवाज, वरचा यल्लाप्पाचा खडखडाट, बाकी दुपारभर काही नाही. माणूस जागा आहे की झोपेत, हे आपल्यालाच कळू नये अशा त्या दुपारी.

दुसऱ्या दिवशी पुंडलिक बोलला. माझ्याशी नव्हे, यल्लाप्पाशी.

"नळ्यार पाय देव नको रे. वाशार दी."

यल्लाप्पाने खाली बघितलं. "आजोबा, खाटेवर झोपून मला चालायला शिकवायलाय व्हय?"

"तू चलतंस तसो मी माडार चल्लो, म्हणान खाटेर आसंय."

यल्लाप्पा हसायला लागला, आणि खरंच पाय वाशावर घेतला. तेव्हापासून दोघांचं जमलं. पुंडलिक खालून सांगायचा, वारा फिरला, ताडपत्री घट्ट बांध. यल्लाप्पा वरून सांगायचा, समुद्राकडे एक होडी दिसते, कोणाची असेल. पुंडलिक होडीचा रंग विचारायचा आणि मालकाचं नाव सांगायचा. पोदेर, म्हणजे पाववाला, आला की उंडो मागून घ्यायचा आणि चहात बुडवून खायचा. वैनी स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभी राहायची, बघायची आणि परत जायची. मी त्याची खोली बंद केली नाही. काम पुढच्या खोल्यांत पट्टी-पट्टीने चालू ठेवलं, आणि त्याच्या डोक्यावर दिवसा आभाळ, संध्याकाळी ताडपत्री. ही कुठलीच रीत नव्हे. दिगंबरला ते कळवलं तेव्हा तो म्हणाला, मावशी, आमच्याकडे याला म्हणतात अडलेलं काम. मी म्हटलं, अडलेलं नाही, थांबवलेलं आहे. त्याने दोन्हींना वेगळे रंग दिले. तेवढं मी त्याच्याकडून उचललं. आता मीही रोज सकाळी टोळीला विचारते, काय अडलंय आणि काय आपण थांबवलंय.

मग स्वयंपाकघर आलं.

त्या घरातल्या भिंती छपराला भिडलेल्या नाहीत. पुरुषभर उंचीवर संपतात, वर मोकळं. पुंडलिकची खोली उघडी असल्यामुळे उजेड सगळीकडे जात होता, आणि खाटेवरून त्याला भिंतीच्या वरून स्वयंपाकघराचं छप्पर आतून दिसत होतं. धुराने काळं, चकचकीत झालेलं लाकूड. त्या वाशांना वाळवीचा डागही नव्हता. यल्लाप्पाने जाळी मारली, नळे चढवले, आणि चुलीवरच्या फटी सिमेंटने भरायला सुरुवात केली. शनिवार होता, दिगंबर आला होता, पडवीत आईबरोबर चहा पीत होता.

"शेवंते."

मी आत गेले. पुंडलिकची नजर त्या काळ्या वाशांवर होती.

"चुलीर सिमेंट कित्याक गो? धूर खंयसून जातलो?"

मी म्हटलं, घर बंद ठेवायचं आहे ना, म्हणून. त्याला माहीत आहे असंच मी धरून चालले होते. घर त्याचं होतं.

वर यल्लाप्पाची थापी थांबली. पडवीतली माणसंही थांबली, कारण त्या घरात भिंतीवरून सगळं ऐकू जातं. दिगंबर दाराशी आला.

"हय कोण रवतलो नाय, होय मां?" पुंडलिकने विचारलं.

"बाबा, सांगणार होतंय मी."

"केवा? कुलूप घातल्यार?"

दिगंबर खाली बसला, जमिनीवर, नळ्यांच्या थप्पीला टेकून. त्याने सगळं सांगितलं. डिचोलीला डॉक्टर जवळ आहे. बायकोची आणि त्याची कामाची पाळी उलटसुलट लावून घेतली आहे, म्हणजे घरात कोणीतरी असेल. इथे रात्री काही झालं तर वाडीतून रस्त्यावरच्या गाडीपर्यंत न्यायला केवढा वेळ. प्रत्येक सुट्टीला तो येतो आणि परत जाताना वाटेत पेडण्याला गाडी थांबवून बसतो. हे त्याने फार हळू सांगितलं. त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. मी या धंद्यात आई-बापांना फसवणारे बघितले आहेत, हा त्यातला नव्हता. त्याने काम नीट आखलं होतं. फक्त ते काम कशासाठी आहे हे ज्याला सांगायला पाहिजे होतं त्याला सांगितलं नव्हतं. आणि छपराचं असं आहे की खाली पडलेल्या माणसाला ते सगळं सांगतं.

पुंडलिकने वैनीकडे बघितलं. तिला माहीत होतं हे तिच्या तोंडावरून कळत होतं.

"झिलाक बोलू नकात," ती म्हणाली. "माका आता तुमका उचलूक जमणा नाय."

एवढंच म्हणाली. तिचे हात लुगड्याच्या पदरात होते, ते तिने बाहेर काढले नाहीत. कापूस येत होता वरून, तो तसाच येत राहिला. पुंडलिक माडाकडे बघत होता. यल्लाप्पा वर उन्हात बसून होता, पण उतरला नाही, आणि मी त्याला उतर म्हटलं नाही. मला असं वाटलं की घराला छप्पर नाही म्हणून हे बोलणं होऊ शकलं. काळोखात हा माणूस परत भिंतीकडे वळला असता.

"शेवंते," तो म्हणाला, "धूर नाय त्या घराचा काय होता?"

मी खोटं बोलत नाही, कामाच्या बाबतीत तर नाहीच. म्हटलं, वाळवी लागते. वर सिमेंट असो, जाळी असो. आतून लाकूड खाऊन टाकते, आणि नळे एक दिवस खाली येतात.

"मगे धुराक वाट सोड," तो म्हणाला. मग दिगंबरकडे बघून म्हणाला, येतो मी. आईला घेऊन येतो. पण चूल पेटत राहायला पाहिजे.

कोणी पेटवायची हे त्याने विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मी म्हटलं, हरमलला माझी कामं असतात, घर वाटेतच आहे. हे मी त्याच्यासाठी म्हटलं असं कोणी समजू नये. मी घातलेलं छप्पर वाळवीने पाडावं हे मला खपत नाही.

आता माझ्यापुढे प्रश्न आला. बंद घर, पण धुराचं. अशी शाकारणी मी कधी केली नव्हती आणि मला कोणी शिकवलीही नव्हती. कडेचे नळे बंद घराचे, चुलीवरचे राहत्या घराचे. यल्लाप्पा म्हणाला, "अक्का, ह्ये काय धड राहतं नाही आन धड बंद नाही, माझं डोकं फिरायलंय." तरी त्याने ओलं सिमेंट खरवडून काढलं, जाळी ठेवली, आणि चुलीवरचे नळे एकमेकांवर असे सैल चढवले की धूर जाईल आणि पाणी येणार नाही. पुंडलिक खालून बघत होता. दोनदा त्याने नळा उतरवून परत बसवायला लावला. दोन्ही वेळा त्याचं बरोबर नव्हतं, पण यल्लाप्पाने बसवला.

दिगंबरने मोबाइल काढला आणि पट्ट्या परत आखल्या. खाली एक नवी पट्टी घातली, चुलीची. मला दाखवली. बाकी सगळ्या पट्ट्या कुठेतरी संपत होत्या, ही पडद्याच्या कडेपर्यंत गेली होती. मी विचारलं, ही कुठे संपते. तो म्हणाला, मावशी, तिला शेवट टाकलेला नाही.

पुंडलिकची खोली आम्ही सगळ्यात शेवटी बंद केली. दिगंबरची पहिली आखणी अशी फिरून तिथेच आली. त्याने वडिलांसाठी काचेचा एक नळा आणला होता, उजेडासाठी बसवतात तो. पुंडलिकने तो हातात घेऊन बघितला.

"बंद घराक काच कित्याक? हय कोणाक उजेड दाखवतलास?" मग तो माझ्याकडे द्यायला लावला. "चुलीर घाल. ही पेटवूक येतली, तिका दिसाक व्हया."

घातला. त्याच्या खोलीवर साधे नळे चढत गेले. उजेड आला होता तसाच मागे सरकला, खाटेचे पाय, पेटी, कोपरा. तो शेवटपर्यंत वर बघत होता, पण माडाकडे नाही, यल्लाप्पाच्या पायांकडे. शेवटचा नळा बसला तेव्हा म्हणाला, बस झालं. दुसऱ्या दिवशी त्याला खुर्चीत बसवून चौघांनी रस्त्यापर्यंत नेलं. वैनी मागून चालत होती, हात मोकळे, काय करावं ते न कळणारे.

माझी टोळी आता यल्लाप्पाच चालवतो. मी वर चढत नाही, पण हरमलला कामं बघायला जाते, आणि जाताना त्या वाडीत उतरते. कुलूप उघडते. आत काळोख, आणि चुलीवर तेवढा काचेच्या नळ्यातून उजेडाचा एक तुकडा पडलेला. नारळाची सोडणं आणि करवंट्या घालते, पेटवते, आणि पाटावर बसते. धूर आधी खोलीत फिरतो, मधल्या भिंतीवरून पुंडलिकच्या खोलीत जाऊन येतो, काळ्या वाशांना लागतो, मग त्याला वाट सापडते. त्या वेळात मला डुलकी लागते आणि ते उघड्या घराचं स्वप्न पडतं. जाग आली की चूल निवत आलेली असते.

रस्त्यावरून जाणारे विचारतात, कोण राहायला आलं. मी सांगते, कोणी नाही, घर सुकवते आहे.

तेवढ्यात फोन येतो. शनिवार असला की दिगंबर लावून देतो. पलीकडून पुंडलिक बोलतो. कशी आहेस, पाऊस कसा आहे, असलं काही विचारत नाही. एकच विचारतो.

"सरळ वर जाता काय गो?"

मी फोन कानाला धरून अंगणात येते. वर बघते. नळ्यांच्या फटींतून धूर निघतो, माडांच्या शेंड्यांपर्यंत जातो आणि मग कुठे जातो ते दिसत नाही. वारा असला तर सांगते, वाकडा जातो आहे, समुद्राकडे. नसला तर सांगते, सरळ.